हातमोजे ठेवून द्या, पिंजऱ्याजवळ खुर्ची घ्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्यांनी त्यांचा तीन वर्षांचा कॉकटिएल (तुरा असलेला छोटा पोपट) तुम्हाला दिला. त्यांच्याकडे तो खांद्यावर बसून जेवणाच्या ताटात डोकवायचा. तुमच्याकडे येऊन तीन आठवडे झाले, तरी हात आत गेला की फिस्कारत कोपऱ्यात जातो, दोनदा चावलाही. मिस्टरांनी जाड हातमोजे आणलेत आणि त्यांचं म्हणणं असं, की रोज पाच मिनिटं धरून ठेवलं की सवय होईल. धरू का, एवढंच तुम्ही विचारलंय.

नका धरू. हा उद्योग मी माझ्या पहिल्याच पक्ष्यावर करून बसले आहे. चिंगी आणली तेव्हा दुकानदाराने सांगितलं, टॉवेलात गुंडाळून रोज मांडीवर घ्या. घेतलं. आठ-दहा दिवसांत ती गप्प बसायला लागली आणि मी घरभर सांगत सुटले, की माणसाळली म्हणून. माणसाळली कसली, सुटायची आशा सोडली होती बिचारीने. टॉवेल निळा होता. नंतर तो नुसता दोरीवर वाळत असलेला दिसला तरी चोच उघडी टाकून धापा टाकायची. टॉवेल बंद केल्यावर आपणहून बोटावर यायला तिला जवळजवळ वर्ष लागलं, आणि निळा शर्ट घातलेल्या माणसाकडे ती शेवटपर्यंत गेली नाही. शिवाय पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हलवून तो श्वास घेतो, त्यामुळे घाबरलेल्या हाताने छातीभोवती आवळून धरलं तर तो गुदमरू शकतो. जाड हातमोज्यात आपण किती दाबतोय हे कळतही नाही.

आता त्याच्या बाजूने बघा. कॉकटिएल हा ऑस्ट्रेलियातला, थव्याने राहणारा पक्षी. शेजाऱ्यांचं कुटुंब हाच त्याचा थवा होता आणि तो एका दुपारीत नाहीसा झाला. जागा नवी, आवाज नवे, तुम्ही पिंजराही नवा मोठा घेतलात आणि ‘गोलू’चा ‘सूर्या’ केलात. हौस समजते, पण सध्या गोलूच म्हणा. शेजाऱ्यांना फोन करून विचारा, पिंजरा कुठे असायचा, सकाळी त्याच्याशी पहिलं कोण बोलायचं, शीळ कोणती घालायचे. जुन्या पिंजऱ्यातली दांडी त्यांच्याकडे पडून असेल तर मागवून घ्या. चावून खडबडीत झालेली ती दांडी त्याला तुमच्या नव्या रंगीत झोपाळ्यापेक्षा जास्त जवळची आहे.

पिंजरा भिंतीला लावून ठेवा, म्हणजे एका बाजूने तरी कोणी येणार नाही याची त्याला खात्री राहते. जमिनीवर नको, स्वयंपाकघरात तर नकोच. नॉनस्टिक तवा जास्त तापला की जो धूर निघतो, त्याने पक्षी काही मिनिटांत दगावतो. डासांची कॉइल आणि धूप त्या खोलीत लावू नका.

मग पिंजऱ्यापासून पाच-सहा फुटांवर खुर्ची टाका आणि रोज दोन वेळा पंधरा मिनिटं नुसत्या बसा. त्याच्याकडे टक लावून बघू नका, थोडं तिरकं बसा. दोन्ही डोळे समोर रोखलेला आणि वरून हात आणणारा प्राणी म्हणजे त्याच्या लेखी शिकरा. भाजी निवडा, पेपर मोठ्याने वाचा. माझा आताचा कॉकटिएल बंड्या, त्याला मी दीड महिना अग्रलेख वाचून दाखवले. खुर्ची दर दोन-तीन दिवसांनी वीतभर पुढे सरकवा, पण कधी सरकवायची ते त्याच्या तुऱ्याला विचारा. तुरा ताठ उभा म्हणजे दचकलाय, तिथेच थांबा. तुरा डोक्याला चिकटलेला आणि फिस्स आवाज, म्हणजे ‘पुढे आलीस तर चावेन’. अशा वेळी मागे व्हा. अर्धवट कललेला सैल तुरा म्हणजे ठीक चाललंय. आणि एखाद्या संध्याकाळी तो एक पाय पोटात घेऊन, पिसं फुलवून बसेल आणि चोचीतून बारीक करकर ऐकू येईल. नवखे लोक घाबरतात, पण झोपेआधी निवांत झालेला पक्षी अशी चोच घासतो. बंड्याने माझ्यासमोर पहिल्यांदा चोच घासली ती चोविसाव्या दिवशी. कॅलेंडरवर खूण केली होती मी!

फिस्कारल्यावर मागे गेलं तर तो डोक्यावर बसेल, असं मिस्टर म्हणतील. माझा अनुभव उलटा आहे. फिस्कारून काम होतंय हे कळलेला पक्षी चावत नाही. न चावता सांगितलेलं कोणी ऐकलं नाही, की मग तो चावायला शिकतो.

दुसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात की तो एक ठरावीक हाक मारतो का, ते ऐका. थव्यातले पक्षी एकमेकांना दिसेनासे झाले की अशी विचारपूस करतात. ‘आहेस का?’ म्हणून. तुम्ही जिथे असाल तिथून एक छोटी शीळ घालून उत्तर द्या, दर वेळी तीच. मला तर हातातून खाऊ घालण्याच्या आधीच्या काळात यानेच सगळ्यात जास्त मिळवून दिलं. (शीळ विचारपूर्वक निवडा. मी निष्काळजीपणे कुकरच्या शिट्टीची नक्कल केली. आता बंड्या तीन शिट्ट्या देतो आणि सासूबाई गॅस बंद करायला उठतात.)

खाऊ म्हणाल तर राळ्याचं कणीस. पक्ष्यांच्या दुकानात कांग म्हणून सुटे दाणे मिळतात, पण लांब कणीस बरं, कारण सुरुवातीला तुमचा हात त्याच्यापासून लांब राहतो. रोजच्या वाटीतून राळा काढून टाका आणि तो फक्त तुमच्या हातून द्या. बाकीचं खाणं मात्र भरपूर असू द्या, उपाशी ठेवून जवळ आणू नका. आधी गजांबाहेरून कणसाचं टोक धरा. तो खाऊ लागला की दर दोन दिवसांनी हात बोटभर पुढे. पुढे आइस्क्रीमची काडी दाखवा, तिला चोच लावली की लगेच एक दाणा. आठवड्याभरात काडीमागे तो दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत येईल, आणि तुम्ही त्याला हातही लावलेला नसेल.

बोटावर घ्यायची वेळ येईल तेव्हा बोट खालून, पायांच्या किंचित वर, पोटाशी आणा. चढण्याआधी तो चोचीने बोट चाचपेल. दांडी पक्की आहे ना, हे तो असंच बघतो. इथे बहुतेक जण ‘चावला!’ म्हणून हात मागे ओढतात आणि पक्षी ठरवतो, ही दांडी बेभरवशाची आहे. बंड्या हातातून खायला लागला सहाव्या आठवड्यात, बोटावर आला चौथ्या महिन्यात. तुमचा आधी माणसात राहिलेला आहे, कदाचित लवकर येईल. पण तारीख ठरवू नका.

बाहेर सोडण्याआधी छताचा पंखा बंद, बटणावर चिकटपट्टी लावा. आपल्याकडे घरात उडणाऱ्या पक्ष्याला सगळ्यात मोठा धोका त्या पंख्याचा. खिडक्यांना जाळी, आरशावर चादर. रात्री पिंजऱ्यात अचानक फडफडाट झाला तर घाबरू नका. कॉकटिएल अंधारात दचकतात. पांघरुणाची एक बाजू उघडी ठेवून झिरोचा दिवा लावा.

आणखी एक. गप्प बसणं प्रत्येक वेळी भीतीमुळे नसतं. पक्षी आजारपण लपवतात. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दांडी ठेवून, काडीच्या आधाराने त्याला वर आणून आठवड्यातून दोनदा वजन लिहा. साधारण ८० ते १०० ग्रॅम भरेल. सतत उतरत गेलं, किंवा दिवसाही पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला, तर पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या.

खाली एकाने ‘आमच्या राघूलाही हेच चालेल का’ विचारलंय, त्यांच्यासाठी: लाल चोचीचा हिरवा देशी पोपट आणि त्याच्यासारखाच पण मोठा करण पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पिंजऱ्यात वाढलेला असेल तर गच्चीवरून उडवून देऊ नका, कावळे टिकू देणार नाहीत. कॉकटिएल विदेशी आहे, त्याला तो कायदा लागत नाही.

तर ताई, हातमोजे मिस्टरांना बागेत गुलाब छाटायला द्या. आणि उद्या सकाळी बसाल तेव्हा बांगड्या काढून बसा. तुम्ही फोटो टाकलाय त्यात तो तुमच्याकडे नाही, मनगटाकडे बघतोय.