‘ट्विस्ट’ तर नाहीच, पण ‘करार’ही नाही

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पुण्यात राहते. इंग्रजी सुधारावं म्हणून मोठ्या नेत्यांची भाषणं ऐकते आणि त्यांतले शब्द, वाक्प्रचार वहीत उतरवते. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीच्या भाषणात नेहरू ‘लाँग इयर्स अगो वी मेड अ ट्रिस्ट विथ डेस्टिनी’ (‘फार वर्षांपूर्वी आपण नियतीशी…’) असं म्हणाले, त्यातल्या ‘ट्रिस्ट’चा अर्थ आमच्या नोट्समध्ये ‘करार’ असा दिलाय, शब्दकोशात मात्र वेगळंच काही सापडतं. मराठीत नेमकं काय म्हणावं? आणि अशा भाषणांतून इंग्रजी शिकणं कितपत उपयोगी?

उत्तर : तुम्ही ‘ट्रिस्ट’ लिहिलंत, याबद्दल आधी आभार. दर १५ ऑगस्टला सोसायटीच्या झेंडावंदनाला कुणीतरी माइक हातात घेऊन ‘ट्विस्ट विथ डेस्टिनी’ म्हणतंच, आणि समोरची मंडळी जिलबीच्या पुड्यांवर डोळा ठेवून टाळ्या वाजवतात. नियतीला पीळ कसला घालताय? मागे एकदा मी हे बोलून दाखवलं, तर “भावना पोचल्या ना?” असं उत्तर मिळालं. भावना पोचतात हो, शब्द वाटेतच मरतो.

‘भेटीची ठरवलेली वेळ आणि जागा, विशेषतः प्रेमिकांची’ हा अर्थ कुठलाही कोश देईल. तो तुम्हाला सापडलेलाच आहे, म्हणून पुढे जातो. खरी गंमत आहे ती हा शब्द आला कुठून, यात. तो आला शिकारीतून. जुन्या फ्रेंचमध्ये ‘त्रिस्त्र’ किंवा ‘त्रिस्त’ म्हणजे शिकाऱ्याला नेमून दिलेली मोक्याची जागा. हाकारे रान उठवणार, जनावर ज्या वाटेनं फुटणार त्या वाटेवर हा कुत्री घेऊन दबा धरून बसणार. जागा सोडायची नाही, डोळा लावायचा नाही, आणि सावज येईलच याची खात्रीही नाही. तिथून हा शब्द इंग्रजीत आला, चौदाव्या शतकाच्या आसपास. पुढे स्कॉटलंडमध्ये तो गुरांच्या बाजारालाही चिकटला. फॉल्कर्कचा ‘ट्रिस्ट’ हा तिथला नावाजलेला गुरांचा बाजार. ठरल्या दिवशी, ठरल्या जागी माणसं आणि जनावरं जमणार, म्हणून ट्रिस्ट. प्रेमिकांनी तो उचलला तेव्हा त्याला शिकारीचा आणि शेणाचा वास येऊन गेलेला होता.

इथे एक पंथ आडवा येतो : ट्रिस्ट म्हणजे ‘ट्रस्ट’चाच भाऊ, सबब अर्थ ‘विश्वास’. जुन्या नॉर्डिक भाषेतल्या ‘भरवसा’ अर्थाच्या धातूशी त्या फ्रेंच शब्दाचं नातं असावं, असं कोशकारही म्हणतात. पण ते ‘बहुधा’ लिहितात आणि क्लासवाले नोट्स छापताना नेमका तो ‘बहुधा’ गाळतात. शिवाय नातं असलं म्हणून अर्थ एक होत नाही. नेहरू ‘ट्रस्ट’ म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत.

आता ‘करार’. मराठीत या भाषणाचं नावच ‘नियतीशी करार’ पडून गेलंय, आणि भलीभली माणसं ते निमूट वापरतात. पुण्यात राहणाऱ्या माणसाला तरी करार म्हणजे काय ते सांगायला नको. करार अकरा महिन्यांचा असतो, त्यात अनामत रक्कम असते आणि घरमालकाच्या अटी असतात. किंवा २४ सप्टेंबर १९३२ चा, येरवड्याच्या तुरुंगात सह्या झालेला, पुणे करार. तिथे दोन बाजू होत्या, वाटाघाटी होत्या, कलमं होती, आणि म्हणूनच इंग्रजीत त्याला ‘पॅक्ट’ म्हणतात, ट्रिस्ट म्हणत नाहीत. नियतीनं कुठे सही केली होती? फारसी-उर्दूत करारात प्रेमाच्या आणाभाकाही बसतात असा बचाव कुणी करेल. तिकडे बसत असतील. मराठीतला करार केव्हाच मुद्रांकाच्या कागदावर जाऊन बसला.

आपल्याकडे या शब्दाला तंतोतंत जुळणारा शब्द पडून आहे आणि आपण तो वाया घालवलाय : संकेत. गीतगोविंदात कृष्ण काय करतो? ‘नामसमेतं कृतसंकेतं वादयते मृदुवेणुम्’. राधेचं नाव घेत, भेटीचा संकेत देत, हळुवार बासरी वाजवतो. ‘कृतसंकेत’ पाहिलंत? ‘मेड अ ट्रिस्ट’! बाराव्या शतकातल्या जयदेवाकडे क्रियापदासकट तयार आहे. जिथे भेटायचं ते संकेतस्थळ. तिथे जायला निघाली ती अभिसारिका, आणि तिथे पोचूनही तो आलाच नाही तर ती विप्रलब्धा. आपल्या शास्त्रकारांनी हुकलेल्या ट्रिस्टसाठीसुद्धा स्वतंत्र नायिका नेमून ठेवली आहे, इंग्रजीला ते जमलेलं नाही. आणि आपण काय केलं? संकेतस्थळ वेबसाइटला देऊन टाकलं. आता ‘महापालिकेचं अधिकृत संकेतस्थळ’ असं वाचलं की मला मालमत्ता कर भरायला जाताना उगीच संकोच वाटतो.

तेव्हा ‘नियतीशी संकेत’. कानाला अनोळखी वाटेल, पण दोष कानाचा.

पण वाक्य तिथे संपत नाही, आणि नोट्सवाल्यांचं बिंग इथेच फुटतं. पुढे नेहरू म्हणतात, आता ‘रिडीम अवर प्लेज’ची वेळ आली आहे. प्लेज म्हणजे वचन, तसंच तारण ठेवलेली वस्तू. रिडीम म्हणजे मुळात परत विकत घेणं, गहाण सोडवणं. भाषांतरकारांनी ‘करार’ उचलला तो बहुतेक या दुसऱ्या अर्ध्या वाक्यातून आणि डकवला पहिल्यावर. मराठीत मी इथे ‘नवस फेडणं’ म्हणेन, कारण कर्जही आपण फेडतो आणि नवसही. त्यापुढे येतं ‘नॉट होली ऑर इन फुल मेझर’, म्हणजे संपूर्णपणे किंवा पुऱ्या मापानं नव्हे (हे ‘होली’ पवित्र नव्हे, ‘होल’वरून आलेलं). हे तर धान्याचं माप. पायली शीग लावून भरायची ती फुल मेझर. नेहरू सांगताहेत की माप शिगोशीग भरलेलं नाही. एका वाक्यात शिकार, शृंगार, सावकारी आणि धान्यबाजार. आणि आमच्या नोट्स त्याचा एका शब्दात निकाल लावतात.

आता माझं लाडकं मत. पटत नसेल तर सोडून द्या, पण आधी ऐका. हा संकेत ठरला कधी? ‘फार वर्षांपूर्वी’ हे लोक मोघम अलंकारिक समजतात. मी समजत नाही. ३१ डिसेंबर १९२९, लाहोर. काँग्रेसचं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल, ठराव पूर्ण स्वराज्याचा, आणि ठोक्याला मध्यरात्री रावीच्या काठावर तिरंगा फडकवला तो त्यांनीच. संकेत नदीकाठचा आणि रात्रीचा! जयदेवाचा यमुनातीरी, यांचा रावीतीरी. मग २६ जानेवारी १९३० ला गावोगाव स्वातंत्र्याची प्रतिज्ञा वाचली गेली, तीच ‘प्लेज’. म्हणजे १४ ऑगस्ट १९४७ च्या त्या वाक्यात दोन वेगळ्या तारखा आहेत, आधी रात्र, मग शपथ, आणि त्याच क्रमानं. आणि माप शिगोशीग का नव्हतं? सगळे सांगतात फाळणी. बरोबर, पण जरा जवळ जाऊन बघा. सीमा आखणारी रॅडक्लिफची रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, पण लाहोर पलीकडे जाणार याची चिन्हं आधीच दिसत होती. जिथे संकेत दिला होता ती जागाच आपली राहणार नव्हती. हे मनात ठेवून ‘नॉट होली’ पुन्हा ऐका. नेहरूंनी तसं कुठे सांगितलेलं नाही, असा आक्षेप एका प्राध्यापक मित्रानं घेतला. न सांगण्यासाठीच तर माणूस ‘ट्रिस्ट’सारखा शब्द वापरतो.

(याच भाषणातल्या ‘जग झोपलेलं असताना’ या शब्दांवर दात काढणारेही असतात : तेव्हा लंडनात संध्याकाळचे साडेसात वाजले होते, वगैरे. हिशेब बरोबर आहे. वक्तृत्व घड्याळ बघून करत नाहीत.)

तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच. भाषणांतून इंग्रजी शिका, जरूर शिका, पण असा एकेक शब्द सुटा उपटून वहीत लावू नका. ट्रिस्ट ‘मेक’ करतात आणि ‘कीप’ करतात, प्लेज ‘रिडीम’ करतात. जोडी उतरवली नाही तर परीक्षेत रिकाम्या जागेपाशी हमखास अडाल. शिवाय मध्यरात्रीची भाषणं रोजच्या वापराची नसतात. घरमालकाला ‘ट्रिस्ट’ कळवू नका, गैरसमज होईल.

रोजच्या वापराचं इंग्रजी हवं असेल तर गोखल्यांकडे जा, फर्ग्युसनमध्ये शिकवणाऱ्या आपल्या गोपाळरावांकडे. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनसमोर, कायदेमंडळात अर्थसंकल्पावर ते उभे राहिले. सरकारकडे सात कोटींची शिल्लक होती आणि अर्थसदस्याचं अभिनंदन चाललं होतं. गोखल्यांचं पहिलंच वाक्य : ‘आय फिअर’, या अभिनंदनात प्रामाणिकपणे सामील होणं मला जमणार नाही. या ‘आय फिअर’चं भाषांतर आमची वर्तमानपत्रं आजही ‘मला भीती वाटते की’ असं करतात. गोखल्यांना कर्झनची भीती? ‘माफ करा, पण’ एवढाच त्याचा अर्थ, आणि पुढच्या वाक्यांत सरकारची सालटी काढायची आहेत याची ती सूचना. हा एक वाक्प्रचार नीट कळला तरी मुलाखतीत उपयोगी पडेल.

परीक्षेत ‘ट्रिस्ट’ आला आणि पर्यायांत ‘करार’च असला, तर तो खुशाल निवडा आणि गुण पदरात पाडून घ्या. उत्तरतालिकेवर हरकत मी नोंदवतो.