आधी गिऱ्हाईक गाठा, प्लॅन मग लिहा

या वेळच्या पत्रांमध्ये हायस्कूलच्या मुलांना छोटा बिझनेस प्लॅन लिहायला कसं शिकवायचं हाच विषय पुन्हापुन्हा आलाय, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात. पत्रं थोडी कापून छापतोय, राग नसावा.

प्रश्न : मी हायस्कूलला शिकवते. मुलांना बिझनेस प्लॅन लिहायला शिकवायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. तयार नमुना दिला, त्यात सारांश, बाजारपेठ, स्पर्धक, मार्केटिंग, आर्थिक अंदाज असे सगळे मुद्दे होते. मुलांनी एकूण एक रकाना भरला, पण वाचायला घेतलं तर सगळ्यांचं सारखंच, 'आमचं प्रॉडक्ट उत्तम दर्जाचं आणि सर्वांना परवडणारं आहे'. नक्की कुठून सुरुवात करू?

ताई, नमुन्यात काही खोट नाहीये, तो फार लवकर हातात दिला गेला एवढंच. मुलांकडे लिहायला माहितीच नसेल तर ती निबंधच लिहिणार ना, आणि निबंध लिहायची सवय तर त्यांना लहानपणापासून आपणच लावलेली असते.

पहिले दोन आठवडे 'प्लॅन' हा शब्दच काढू नका. मुलांच्या जोड्या करा आणि एवढंच सांगा की कोणाची तरी एक अडचण शोधून आणा आणि ते लोक आत्ता त्यावर काय करून भागवतात तेही बघून या. 'सर्वांना' या शब्दावर वर्गात सरळ बंदी घाला. 'सर्व विद्यार्थ्यांसाठी वह्या' असं कोणी म्हणालं की विचारायचं, सर्व म्हणजे कोण, चित्रं काढणारे का, डावखुरे का, की ज्यांना बिनरेघांची वही लागते पण कुठे मिळत नाही ते? यातलं एक उत्तर पक्कं झालं की निम्मं काम झालं समजा.

लोकांना विचारायचं कसं हे मात्र शिकवावं लागतं. 'आम्ही हे बनवलं तर तुम्ही घ्याल का?' असं एखाद्या मुलाने विचारलं की समोरचा माणूस कौतुकानं हो म्हणतो, त्या होकाराला काडीची किंमत नसते. त्याऐवजी 'मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलंत? त्यात किती पैसे गेले?' असं विचारायचं. पुढे काय करीन हे माणूस फेकतो, मागे काय केलं ते बऱ्यापैकी खरं सांगतो.

मग एका कागदावर चार चौकोन आखून द्या, गिऱ्हाईक कोण, त्याला काय देणार, पैसे कुठून येणार, खर्च कुठे होणार. व्यवसायतज्ज्ञ अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांच्या बिझनेस मॉडेल कॅनव्हासमध्ये, म्हणजे अख्खा धंदा एका पानावर मांडायच्या तक्त्यात, असे नऊ चौकोन आहेत आणि तो चांगलाच आहे, पण शाळेतल्या पहिल्या खेपेला चार पुरतात. प्रत्येक ओळीपुढे मुलांनी पेन्सिलीने 'मा' किंवा 'अं' लिहायचं, म्हणजे माहिती की अंदाज. पहिल्या दिवशी पान 'अं'नी भरलेलं दिसेल आणि तसंच दिसायला हवं. पुढचं सगळं काम म्हणजे त्यातले महत्त्वाचे 'अं' गाठून त्यांचे 'मा' करत जाणं, मी तरी प्लॅन शिकवणं यालाच म्हणतो.

प्रश्न : मुलांना आयडिया भरपूर सुचतात, पण आकड्यांपाशी आलं की घोडं अडतं. मी स्वतः भाषेचा शिक्षक आहे, मलाच ब्रेक-इव्हन (किती विकल्यावर खर्च फिटतो ते) वगैरेची धास्ती वाटते. किती खोलात जाऊ?

सर, भागाकार येतो ना? मग झालं. मोठाली कोष्टकं सोडून द्या, एका नगाचा हिशोब घ्या.

समजा मुलं हाताने शिवलेल्या वह्या विकणार आहेत. चलन कुठलंही धरा. वही 60 ला विकायची, तिला कागद, पुठ्ठा, दोरा, गोंद मिळून 35 लागतात, म्हणजे प्रत्येक वहीमागे हातात राहिले 25. आता एकही वही विकली नाही तरी जो खर्च होणारच तो वेगळा काढा, टोच्या, कटर, स्टॉलचं भाडं, धरा 1500. पंधराशेला पंचवीसने भागा, 60 वह्या. साठावी वही विकली तेव्हा खर्च फिटला, नफा सुरू होतो एकसष्टाव्या वहीपासून.

खरी मजा पुढे आहे. कोणीतरी म्हणणारच की मित्रांना 10 टक्के सूट देऊ, आपलेच लोक आहेत. फळ्यावर करून दाखवा. किंमत 54 झाली, कागद-पुठ्ठा तेवढाच म्हणजे 35, हातात राहिले 19. सगळ्यांनाच सूट दिली तर 1500 भागिले 19, म्हणजे 79 वह्या विकल्याशिवाय खर्च फिटत नाही! सूट दहा टक्के आणि विकायच्या वह्या साठावरून एकोणऐंशीवर, हे गणित एकदा स्वतःच्या हाताने केलं की मुलं आपोआप सूट वाटायला कचरतात, वेगळा उपदेश करावा लागत नाही.

अजून एक गोष्ट मुलं हमखास विसरतात ती स्वतःची मेहनत. एक वही शिवायला 40 मिनिटं लागत असतील तर 60 वह्यांचे 40 तास झाले, चौघांचा ग्रुप असेल तर प्रत्येकी 10 तास. हे 10 तास कोणत्या आठवड्यात, परीक्षेच्या आधी की नंतर, हे प्लॅनमध्ये लिहायलाच लावा. चौघांतला एकच जण राबतोय हेही तिथेच उघडं पडतं.

प्रश्न : आमच्या ग्रुपच्या प्लॅनमध्ये नफा दिसतोय तरी बाई म्हणतात पैसे कमी पडतील. नफा आहे तर पैसे कमी कसे पडतील? (एक विद्यार्थी)

बाई बरोबर सांगतायत रे. वरचंच वह्यांचं उदाहरण घे. तुम्हाला 80 वह्यांची ऑर्डर आली. 80 गुणिले 25 म्हणजे 2000, त्यातून 1500 गेले, नफा 500, मस्त. पण माल आधी आणावा लागतो, 80 वह्यांना 2800, वरचे 1500 धरून 4300, आणि ऑर्डर देणारा म्हणतो पैसे महिन्याने देतो. मग ते 4300 आज कोणाच्या खिशातून येणार? कागदावर नफा आणि गल्ला रिकामा, अशाने चांगले चालणारे मोठमोठे धंदेही अडकतात.

उपाय सोपाय. आठवड्यांचे रकाने पाड, प्रत्येक आठवड्यात हातात किती होते, किती आले, किती गेले, किती उरले एवढंच लिही. जिथे उरलेला आकडा शून्याच्या खाली जातो तिथे काहीतरी करायला हवं, अर्धे पैसे आगाऊ माग नाहीतर 40-40 च्या दोन खेपा कर आणि पहिल्या खेपेचे पैसे हातात आले की दुसरीचा माल आण.

प्रश्न : सगळी मुलं एआयकडून प्लॅन लिहून आणतात. भाषा सफाईदार, तक्ते सुंदर, आणि विचारलं तर एकालाही काही सांगता येत नाही. बंदी घालू का?

बंदी घालून घरी काय चालतं ते थोडंच कळणार आहे. त्यापेक्षा मार्क कशाला द्यायचे ते बदला. प्लॅनला कमी ठेवा, त्यामागच्या नोंदवहीला जास्त. कोणाकोणाशी बोललात, ते काय म्हणाले (जमलं तर त्यांच्याच शब्दांत), कोणत्या दुकानात कुठला भाव बघितला, आणि त्यानंतर प्लॅनमध्ये काय बदललं. पहिला मसुदा आणि शेवटचा मसुदा शेजारी ठेवून बघा, दोन्ही सारखेच असतील तर मधल्या काळात काहीच घडलेलं नाही.

शिवाय प्रत्येक ग्रुपला पाच मिनिटं समोर बसवून कुठल्याही एका आकड्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हा कुठून आला? 'बाजारातल्या फक्त एक टक्का लोकांनी घेतलं तरी...' हे वाक्य आलं की तिथेच थांबवा, बाजारात तुरी म्हणतात ते हेच. एक टक्का लोक असे आपोआप चालत येत नाहीत, त्यातली पहिली दहा माणसं कोण आणि त्यांना कुठे गाठणार ते सांगा म्हणावं. एआयला खुशाल वापरू द्या, पण उलट्या बाजूने, म्हणजे मुलांनी स्वतः लिहिलेला प्लॅन त्याला देऊन 'यात कच्चं काय आहे ते शोध' असं विचारू द्या.

प्रश्न : माझ्या मुलीने प्रामाणिकपणे हिशोब केला तर तिच्या प्लॅनमध्ये तोटा निघाला. शाळेतून सुचवलं गेलं की आकडे जरा 'ॲडजस्ट' करून आण. तिने काय करावं?

अजिबात करू नये! तोटा दाखवणारा खरा हिशोब हा चांगला प्लॅन असतो, एकही नग न बनवता तिला कळलं की हे असं चालणार नाही. एक पान जोडायला सांगा फक्त, तोटा कशामुळे होतोय (किंमत कमी, माल महाग की भाड्याच्या मानाने विक्री थोडी) आणि यातलं एक बदललं तर काय होतं. एवढं करूनही तोटाच राहिला तर 'हा धंदा करू नये' हा निष्कर्ष मोठ्या अक्षरात लिहावा आणि बिनधास्त सादर करावा. शिक्षकांनाही माझी विनंती आहे की अशा मुलांचे मार्क कापू नका, नाहीतर मुलं आकडे वाकवायलाच शिकतील.

प्रश्न : नुसता प्लॅन लिहून घेऊ की मुलांना खरोखर विकायलाही लावू?

जमत असेल तर विकायला लावाच, लहान प्रमाणात का होईना. ही कल्पना नवी नाहीये, अमेरिकेत 1919 मध्ये सुरू झालेली ज्युनियर अचीव्हमेंट ही संस्था मुलांकडून छोट्या कंपन्या चालवून घेत आलीये. मात्र भांडवलाला कमाल मर्यादा घाला, ती सगळ्या ग्रुपना सारखी ठेवा, नाहीतर ज्याच्या घरी पैसा तो जिंकला असं होतं. पालकांनी सगळा माल विकत घेऊन टाकायचा नाही हेही आधीच बजावून ठेवा. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पैसे कोणाकडे राहणार हे पहिल्या दिवशी ठरवा.

प्रश्न : प्लॅन किती पानांचा हवा? आणि सारांश पहिल्या पानावर असतो तर तो आधी लिहायचा का? (एक विद्यार्थिनी)

तुमच्यासाठी तीन ते पाच पानं पुष्कळ झाली, त्यात एक पान पूर्ण आकड्यांचं. सारांश छापायचा पहिल्या पानावर पण लिहायचा सगळ्यात शेवटी, पाच-सहा ओळींत, गिऱ्हाईक कोण, त्याला काय देताय, किती नग विकल्यावर खर्च फिटतो आणि सुरुवातीला किती पैसे लागतील. लोगो आणि कव्हरचं नंतर बघ, त्यात फार तर एक संध्याकाळ घाल.