करार आधी कोणाच्या हाती पडतो?

प्रश्न : राज्यशास्त्राच्या तासाला दाभोळच्या वीज प्रकल्पाचा विषय निघाला. एका विद्यार्थिनीने विचारले, की १९९५ साली लोकांनी तो उभारणाऱ्या एनरॉन या अमेरिकन कंपनीला विरोध करणाऱ्यांना निवडून दिले, त्यांनी प्रकल्प रद्दही केला आणि तरीही तो उभा राहिला. मग राज्यघटनेच्या उद्देशिकेतला ‘सार्वभौम’ हा शब्द नेमका कोणासाठी आहे? मला तिचे समाधान करता आले नाही. आपण काय सांगाल?
– एक प्राध्यापिका, चिपळूण

उत्तर : आपल्या विद्यार्थिनीने योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे, आणि तिला उत्तर द्यायचे तर १९९५ च्या मागे जावे लागेल. एनरॉन आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात प्राथमिक करार झाला तो जून १९९२ मध्ये, कोणतीही निविदा न काढता. पुढच्याच वर्षी जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज नाकारले, कारण राज्याच्या गरजेच्या मानाने तो फार मोठा आणि कोळशावरच्या विजेच्या तुलनेत महाग होता. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीस वर्षांच्या वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. ज्यांच्या बिलातून पैसे जायचे होते त्या ग्राहकांपुढे तो करार सह्यांपूर्वी कधीच ठेवला गेला नाही.

त्या करारात जोखमीची वाटणी कशी केली होती, हे विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावे. रुपया घसरला तर तोटा मंडळाचा, कारण दर डॉलरशी बांधलेला होता. इंधन महागले तर वाढ मंडळाच्या माथी. विजेची मागणी कमी पडली तरी वीजनिर्मिती संचाच्या क्षमतेपोटीची ठरलेली रक्कम मंडळाने भरायचीच. मंडळाला पैसे देता आले नाहीत तर राज्य सरकारची हमी, आणि राज्यालाही जमले नाही तर केंद्र सरकारची प्रतिहमी. इतकी हमी आपल्याकडे भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याला कोणत्याही सरकारने कधी दिलेली नाही.

मार्च १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारने उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीच्या अहवालानंतर ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला. एवढेच नव्हे, तर हा करार गैरमार्गाने झाला असे सांगत त्याच सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. कंपनीने लंडनमध्ये लवादाची कारवाई सुरू केली. काही महिन्यांतच वाटाघाटी झाल्या, दावा मागे घेण्याचे ठरले आणि १९९६ च्या आरंभी प्रकल्प पुन्हा मंजूर झाला, तोही २,०१५ ऐवजी २,१८४ मेगावॅटचा. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रातल्या वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता प्रतिहमीला मान्यता दिली. मताला किंमत नव्हती, असे मी म्हणणार नाही, कारण मतामुळेच प्रकल्प एकदा थांबला होता. पण ज्या वाटाघाटींतून तो परत आला, त्यांत मतदार कुठेच नव्हता, आणि लवादात होणाऱ्या नुकसानभरपाईची भीती सरकारपाशी पुरेपूर होती.

प्रकल्पाला ‘दाभोळ’ म्हटले जात असले तरी तो वाशिष्ठीच्या खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल, रानवी, वेलदूर या गावांच्या परिसरात आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. ३ जून १९९७ च्या पहाटे प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत पोलीस घुसले आणि त्यांनी घराघरांतून बायकांना मारहाण करून पकडून नेले. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या मानवी हक्क संघटनेने जानेवारी १९९९ च्या अहवालात याची नोंद केली आहे, आणि तिथल्या बंदोबस्ताचा खर्च कंपनी राज्य सरकारला देत होती, हेही त्यात आहे. माझ्या मते आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे सगळ्यात कठोर उत्तर या एका नोंदीत आहे. ज्या नागरिकांच्या रक्षणासाठी पोलीस असतात त्यांच्याविरुद्ध ते उभे राहिले, आणि त्याचा खर्च दुसऱ्याच पक्षाने उचलला.

पुढचा हिशेब सगळ्यांना माहीत आहे. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, दाभोळची महाग वीज घेण्यासाठी मंडळाला स्वतःचे कोळशावरचे स्वस्त संच कमी चालवावे लागले, बिले थकली, मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत एनरॉननेच दिवाळे काढले.

प्रश्न : एखादी परदेशी कंपनी आपल्या देशालाच लवादात खेचू शकते, हे कोणत्या अधिकाराने?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपणच सही केलेल्या तहांच्या अधिकाराने. १९९४ पासून भारताने अनेक देशांशी गुंतवणूक संरक्षणाचे तह केले, आणि त्यांनुसार कंपनीला आपल्या न्यायालयांना वळसा घालून थेट आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाता येते. दाभोळमधल्या जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या अमेरिकन भागीदारांनी मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्यांच्या नावाने भारत-मॉरिशस तहाचा आधार घेतला होता; ते प्रकरण २००५ मध्ये तडजोडीने मिटले. २०११ मध्ये ‘व्हाइट इंडस्ट्रीज’ या ऑस्ट्रेलियन कंपनीने भारताविरुद्ध निवाडा मिळवला, तो कुवेतशी केलेल्या तहातले एक कलम उसने घेऊन. आपल्या न्यायालयांतल्या दिरंगाईमुळे तिला हे साधले, हेही मान्य करायला हवे. तसेच ज्यावरून व्होडाफोनही लवादात गेली, त्या पूर्वलक्षी प्रभावाने कर लावण्याच्या २०१२ च्या कायद्याचे समर्थन मी सार्वभौमत्वाच्या नावाखाली करणार नाही.

या अनुभवांनंतर सरकारने तहाचा नवा नमुना तयार केला. त्यात कंपनीने आधी पाच वर्षे भारतीय न्यायव्यवस्थेतले उपाय वापरून पाहावेत, अशी अट आहे, आणि बहुतेक जुने तह संपुष्टात आणण्याच्या नोटिसाही दिल्या गेल्या. ही अट पुढच्या प्रत्येक तहात टिकते का, यावर संसदेत उघड चर्चा व्हावी, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे तह मंत्रिमंडळ करते आणि त्याला संसदेची मंजुरी लागत नाही, ही उणीव मला लवादाहूनही मोठी वाटते.

प्रश्न : म्हणजे परदेशी भांडवल नकोच का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भांडवल कुठले आहे, याला मी दुय्यम मानतो. देशी कंपनीनेही तोच करार तशाच गुप्ततेने केला असता, तर वेलदूरच्या बायकांना त्याचा काही दिलासा मिळाला नसता. ज्यांची जमीन, पाणी किंवा वीजबिल पणाला लागते, त्यांना कराराचा मसुदा सह्यांपूर्वी त्यांच्या भाषेत वाचायला मिळतो का आणि त्यांच्या नकाराला कायद्याने वजन आहे का, हे मी आधी पाहतो.

असे घडू शकते, याचे उदाहरण ओडिशात आहे. नियमगिरीच्या डोंगरावर वेदांत कंपनीच्या कारखान्यासाठी बॉक्साइट काढायचे होते. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनहक्क कायद्याच्या आधारे हा प्रश्न तिथल्या ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. बारा गावांत सभा झाल्या. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी न्यायाधीशाच्या उपस्थितीत आपापल्या बोलीत म्हणणे मांडले, आणि बाराही गावांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने खाणीला परवानगी नाकारली. अंजनवेल आणि रानवीच्या ग्रामसभांना १९९३ मध्ये असे कोणी विचारले नव्हते.