आधी माती भिजव, मग पद्धत निवड
भाऊ, डांबरी रस्त्याच्या थरांची जाडी ठरवायला अमेरिकेची आश्टो ९३ पद्धत चांगली की आपली आयआरसी ३७, हा वाद नंतर. आश्टोची सूत्रं इलिनॉयच्या चाचणी-रस्त्यावरून निघाली. तिथली माती वेगळी, थंडी वेगळी. आयआरसी ३७ची २०१८ची आवृत्ती डांबरी थराच्या तळाशी आणि सबग्रेडच्या, म्हणजे थरांखालच्या मातीच्या, माथ्यावर किती स्ट्रेन (भारामुळे होणारी ताण-दाब विकृती) येतो ते आयआयटीपेव्ह या संगणक-प्रणालीतून तपासते. तीच धर. पण तापीकाठची काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा! सीबीआर, म्हणजे मातीच्या ताकदीची चाचणी, नमुना चार दिवस भिजवूनच घे. मी कोरड्यावर भागवलं होतं, पहिल्याच पावसाळ्यात कडा खचल्या. रावेरकडे ट्रक केळीच्या हंगामात मोज, एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) वजनासकट. एक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान साधारण सोळापट. गावरस्ता २ एमएसएच्या (एकूण वीस लाख प्रमाणित एक्सल-फेऱ्यांच्या) आत असेल तर आयआरसीची कमी रहदारीच्या गावरस्त्यांसाठीची एसपी ७२ पुरे.