सकाळचे सहा ते नऊ

"काकू, आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. घरात गॅस नाही, सगळं विजेवर. बाळ सात महिन्यांचं आहे आणि सासू-सासरे डिसेंबरपासून आलेत. परवाच्या कडाक्यात मोबाइलवर निरोप आला, की सकाळी सहा ते नऊ वीज जपून वापरा. ह्यांनी सहाच्या ठोक्याला थर्मोस्टॅट सत्तर फॅरनहाइटवरून बासष्टवर आणला आणि घरातले झाडून सगळे दिवे बंद केले. सव्वाआठला बाबांनी कुडकुडत तो चौऱ्याहत्तरवर नेला. मग बापलेकांत जुंपली. आई म्हणाल्या, 'भारनियमनाला कंटाळून इकडे आलात ना, मग हे काय?' समोरच्या घरात मात्र पोर्चपासून गॅरेजपर्यंत लखलखाट. सांगितलेलं आपणच का ऐकायचं?"

अगं, ऐकायचंच. पण तुम्ही ऐकलंत कुठे? सव्वाआठ ते नऊ या पाऊण तासात रस्त्यावरच्या इतर घरांपेक्षा तुमच्या घरानं जास्त वीज ओढली असण्याची दाट शक्यता आहे. आणि सासऱ्यांवर चिडू नकोस, सुरुवात तुझ्या नवऱ्यानं केली.

कशी, ते सांगते. मग बाकीच्या प्रश्नांना जागा उरली तर उरली.

सगळं विजेवर, म्हणजे तुमच्याकडे हीट पंप असणार. तो बाहेरच्या हवेतली ऊष्णता ओढून आत आणतो, त्यामुळे कॉम्प्रेसर तीन-चार किलोवॅट खातो आणि घराला त्याच्या दुप्पट, कधी तिप्पट ऊष्णता देतो. बाहेर जितकं गार, तितकी त्याची ताकद कमी. म्हणून आतल्या युनिटमध्ये इलेक्ट्रिक पट्ट्या बसवलेल्या असतात: साध्या तारांच्या कॉइल, टोस्टरसारख्या. त्या ५, १० किंवा १५ किलोवॅटच्या असतात. माझ्या भावाच्या घरी १५ च्या आहेत. एक युनिट वीज घ्यायची आणि एक युनिटाचीच ऊष्णता द्यायची, एवढंच त्यांना येतं. थर्मोस्टॅटवर 'ऑक्स' दिसायला लागलं की समजायचं, पट्ट्या पेटल्या.

आता मुद्दा. हवं असलेलं तापमान आणि खोलीचं तापमान यांत साधारण दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक पडला, की बहुतेक थर्मोस्टॅट हीट पंपाची वाट बघत नाहीत, थेट पट्ट्या लावतात. तुझ्या नवऱ्यानं ६२ केलं. घर दोन तास निवत गेलं. बाबांनी एकदम ७४ केलं. थर्मोस्टॅटला बारा अंशांची दरी दिसली आणि त्यानं जेवढं होतं तेवढं सगळं लावलं: दहा किलोवॅटच्या पट्ट्या असतील तर कॉम्प्रेसर धरून तेरा-चौदा किलोवॅट, सलग. आणि कधी? सव्वाआठला, म्हणजे ज्या वेळेसाठी विनवणी होती नेमकं त्याच वेळी. वाचवलेली वीज व्याजासकट परत घेतलीत. बाबांनी नऊनंतर केलं असतं तरी फार बरं नव्हतं, कारण वेळ संपली की सगळ्यांचीच बोटं एकदम त्या बटणाकडे जातात.

दिव्यांचं म्हणशील, तर ती आपली जुनी खोड आहे. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बाच्या काळात 'खोलीतून बाहेर पडताना बटण बंद कर' हे ऐकत आपण सगळे मोठे झालो, आणि तेव्हा ते बरोबरही होतं. आताचा एलईडी बल्ब ९ वॅटचा. चौदा दिवे मालवलेत तर १२६ वॅट वाचले. दहा किलोवॅटच्या पट्ट्या म्हणजे असे अकराशे दिवे. समोरच्यांच्या पोर्चवरचा लखलखाट डोळ्यांत भरतो, तुमच्या माळ्यावरच्या पट्ट्या कोणाला दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक. अंधारात बाळाला घेऊन जिना उतरू नकोस, दिवा लाव.

मग करायचं काय? आदल्या रात्री आधी थर्मोस्टॅटचं वेळापत्रक उघडून बघ. पुष्कळ यंत्रांत 'सहाला जाग, तापमान वाढव' हे आधीपासूनच भरलेलं असतं, आणि ते बरोब्बर सहाला पट्ट्या पेटवतं. ते काढ. पहाटे चारला ७१, पाचला ७२ असं एकेक अंश चढव. सहाला एकदम ६८ वर आण. खाली येताना पट्ट्यांचा प्रश्न नसतो, त्या चढतानाच लागतात. घर ७२ वरून ६८ वर येईपर्यंत यंत्र जवळजवळ गप्प राहील; किती वेळ, ते तुमच्या भिंतींवर आणि खिडक्यांवर. वाऱ्याच्या दिवशी लवकर निवतं. नऊ वाजले की हात आवर. साडेनऊला ६९, सव्वादहाला ७०. प्रत्येक वेळी एकच अंश. आमच्याकडे थंडीत थर्मोस्टॅटला एकाच माणसानं हात लावायचा असा नियम आहे, आणि तो सासूबाईंनी केलेला असल्यामुळे टिकला आहे.

बाहेर पंधरा फॅरनहाइट, म्हणजे उणे नऊ सेल्सिअस, असताना हे सगळं करूनही मधून मधून 'ऑक्स' दिसेल. दिसू दे. एकट्या कॉम्प्रेसरनं तेव्हा घर भागत नाही. 'ईएम हीट' मात्र स्वतःहून लावायचं नाही. त्यात कॉम्प्रेसर बंद होतो आणि घर नुसत्या पट्ट्यांवर चालतं. बाहेरचं युनिट बिघडलं तरच ते. त्या युनिटातून मधेच धुरासारखी वाफ निघते, ते बर्फ वितळवतंय, जळत नाहीये. हे बाबांना आधीच सांगून ठेव.

"दोन अंशांनी काय होणार?" असं तुझ्या नवऱ्याला वाटलं असेल, म्हणून त्यांनी आठ उतरवले. हिशोब करू. बाहेर १५, आत ७०, म्हणजे फरक ५५. तेवढ्याला घर समजा ११ किलोवॅट ऊष्णता गमावतंय. हीट पंप त्या थंडीत सहा देतो, उरलेले पाच पट्ट्यांतून. दोन अंश उतरवलेत की गळती साधारण ०.४ किलोवॅटनं घटते. टक्केवारीत हे चारच्या आसपास, ऐकायला किरकोळ. पण ते चारशे वॅट सगळेच्या सगळे पट्ट्यांमधून वजा होतात, कारण हीट पंप तर आधीच जिवाच्या आकांतानं चाललेला असतो. अशी एक लाख घरं म्हणजे ४० मेगावॅट. शिवाय घर ६८ वर उतरेपर्यंत यंत्र गप्प राहतं, तो फायदा वेगळाच.

आता आई-बाबांची हुडहुडी. त्यात हट्ट नाही, पण गैरसमज आहे. हीट पंपाची हवा व्हेंटमधून साधारण नव्वद अंशांनी येते आणि आपलं अंग अठ्ठ्याण्णवचं. हाताला ती गारच लागते आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "हे बंद पडलंय." गॅसच्या भट्टीची (फर्नेसची) हवा याहून बरीच गरम असते, त्यामुळे जे तसल्या घरात राहून आलेत त्यांना तर हे हमखास बिघडलेलं वाटतं. त्यांचा हात व्हेंटवरून काढून भिंतीवरच्या आकड्याकडे वळव. अमेरिकेतली वृद्धांच्या आरोग्याची सरकारी संस्था वयस्कर माणसांच्या घरात किमान ६८ ठेवा म्हणते, म्हणजे २० सेल्सिअस. तेव्हा ६८ म्हणजे आईंचा छळ नव्हे, पण ६२ हा खरंच होता, आणि सात महिन्यांच्या बाळाच्या बाबतीतही तो योग्य नव्हता. तुझ्या नवऱ्यानं उत्साह जरा आवरावा. आई बसतात त्या खोलीत ७५० वॅटवर एक छोटा हीटर चालेल, तीन फूट मोकळी जागा सोडून आणि थेट भिंतीतल्या प्लगला लावून. एक्स्टेन्शन कॉर्ड तापते आणि त्यातून आग लागू शकते. पायाशी गरम पाण्याची पिशवी आणि वर गोधडी दिलीत तर हीटरही लागायचा नाही. बाळाच्या पाळण्यात मात्र सुटं पांघरूण नको, अंगात घालायची झोपेची पिशवी घाल.

दुसरी मोठी भूक गरम पाण्याच्या टाकीची, आणि ती मराठी घरात हटकून सहा ते नऊमध्येच लागते. आंघोळ केल्याशिवाय देवापुढे जायचं नाही, म्हणून एकामागून एक तीन आंघोळी. पन्नास गॅलनच्या वॉटर हीटरला साडेचार किलोवॅटचे एलिमेंट असतात. पाणी वापरलं की टाकी परत तापायला लागते आणि ते तास-दोन तास चालतं. आईंना पारोसं ठेवायची गरज नाही. सहाच्या आधी पॅनेलमधला वॉटर हीटरचा जोड-ब्रेकर बंद करायचा. तापलेली टाकी तशीच गरम राहते, दोन-तीन बेताच्या आंघोळी आरामात होतात. दहाला ब्रेकर लाव, टाकी तेव्हा तापेल. आमच्या पॅनेलवर त्या ब्रेकरवर लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, म्हणजे झोपेत चुकून फ्रिजचा पडत नाही. मोबाइलवर दहाचा गजरही लाव, नाहीतर दुसऱ्या दिवशी थंड पाण्यानं सगळं घर जागं होईल. आणि हे वर्षातल्या दोन-चार सकाळींपुरतंच, ब्रेकर रोजच्या वापराचं बटण नाही.

कपड्यांचा ड्रायर पाच किलोवॅट, गाडीचा घरचा चार्जर सात ते साडेअकरा. गाडी दुपारी बारा ते चारमध्ये लाव. टेक्सासमध्ये तेव्हा सौर वीज असते, सकाळी सूर्य वर यायच्या आधी ती शून्य असते आणि नेमकी तेव्हाच घरं सर्वात गार आणि सगळे जागे. म्हणून सहा ते नऊ. चहा, भात, कुकर याकडे दुर्लक्ष केलंस तरी चालेल. इन्स्टंट पॉट एक किलोवॅट घेतो आणि थोडा वेळच.

"आपणच का?" या प्रश्नाला माझ्याकडे दोन आकडे आहेत. १५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे टेक्सासच्या ग्रिडची फ्रीक्वेन्सी (मागणी पुरवठ्याच्या वर गेली की ही घसरते) साठ हर्ट्झवरून ५९.४ च्या खाली गेली आणि चार मिनिटांहून जास्त तिथेच राहिली. नऊ मिनिटं राहिली असती तर वीज केंद्रं आपापल्या संरक्षणासाठी सुटत गेली असती आणि जवळजवळ पूर्ण राज्य काळोखात गेलं असतं. ते टाळायला २०,००० मेगावॅटपर्यंत भार तोडावा लागला. राज्याच्या मोजणीत त्या वादळात २४६ माणसं गेली, बहुतेक थंडीनं. दुसरा आकडा उलट्या बाजूचा. १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी कॅनडातल्या अल्बर्टात लोकांच्या मोबाइलवर इशारा गेला: फक्त गरजेपुरती वीज वापरा. लगेच १०० मेगावॅट मागणी उतरली, काही मिनिटांत २०० झाली, आणि भारनियमन टळलं. कोणाच्या घरी जाऊन कोणी बटण बंद केलं नव्हतं. त्याच आठवड्यात, १५ आणि १६ तारखेला, टेक्सासचं ग्रिड चालवणाऱ्या एरकॉट या संस्थेनं तुमच्याकडेही सकाळचंच आवाहन केलं होतं आणि त्याही वेळी वीज तोडावी लागली नाही. आईंना सांग: भारनियमन म्हणजे न विचारता तोडणं, हे तोडायची वेळ येऊ नये म्हणून विचारणं आहे.

बाकीचं भराभर. तू लिहितेस, "मिशिगनच्या नणंदेकडे तर ६५ करा असा निरोप आला होता." तो ३० जानेवारी २०१९ चा असणार. तेव्हा तिकडच्या गॅसच्या कॉम्प्रेसर स्टेशनला आग लागली होती आणि तुटवडा गॅसचा होता. गॅसचा दाब गेला की घरोघर जाऊन भट्ट्या पुन्हा पेटवाव्या लागतात, म्हणून त्या कंपन्या जास्त घाबरतात. निरोपात आधी वाचायचं, गॅस की वीज. गॅसचा असेल तर विजेचा ड्रायर बंद ठेवून उपयोग नाही, थर्मोस्टॅटच उतरवावा लागतो.

ऑफिसांच्या उंच इमारतींचे दिवे रात्रभर चालू होते, याचा राग २०२१ मध्येही सगळ्यांना आला आणि तो रास्त होता. पण वीज फीडरवर, म्हणजे एका अख्ख्या भागाला वीज नेणाऱ्या तारेवर, तोडतात, एकेका घराची नाही. ज्या फीडरवर हॉस्पिटल आहे तो शक्यतो वगळतात आणि त्याच्यावरचे सगळे शेजारी त्या पुण्याईनं वाचतात.

"थर्मोस्टॅट आपोआप बदलतो" म्हणतेस, तर घर घेताना किंवा वीज कंपनी निवडताना सवलतीसाठी कुठल्या योजनेवर टिचकी मारली होती का, ते अॅपमध्ये बघ. बहुतेक तिथेच सापडेल, आणि बहुतेकदा तिथूनच बाहेरही पडता येतं.

पाइपांसाठी बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेव आणि सर्वात लांबचा नळ बारीक धारेनं सोड. जनरेटर बाबांनी घ्यायचाच ठरवला असेल तर गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनही नाही. घरापासून वीस फूट लांब, धुराचं तोंड खिडक्यांच्या उलट्या दिशेला. कोळशाची शेगडी घरात आणायची नाही. २०२१ मध्ये कार्बन मोनॉक्साइडनं घरंच्या घरं आडवी झाली होती. वरच्या आणि खालच्या दोन्ही मजल्यांवरचे त्याचे अलार्म आजच बटण दाबून वाजवून बघ. आणि हो, हीट पंपाच्या हवेच्या फिल्टरचं काहीच लिहिलेलं नाहीस. पाहुणे आल्यापासून हवा परत ओढून घेणाऱ्या जाळीसमोर गादी ठेवलेली नाही ना, तेही बघ. हवा अडली की पट्ट्या उगाच जास्त वेळ चालतात.