हातावर राजमुद्रेचा टॅटू आहे. जपानमधल्या हॉटेलांत ओन्सेनमध्ये उतरू देतात का?

देतात, पण प्रत्येक हॉटेलात नाही. (ओन्सेन म्हणजे झऱ्याच्या गरम पाण्याचं स्नान.) तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरात पत्नी आणि आईला घेऊन जाताय, तुमच्या उजव्या हातावर कोपराखाली राजमुद्रा आहे आणि आईच्या हातावर जुनं गोंदण. अशा वेळी आधी हॉटेल बुक करून मग आंघोळीचं बघू, असं करू नका. कुठल्या प्रकारच्या कुंडात उतरायचं ते आधी ठरवा, हॉटेल त्यावरून निवडा.

जपानमध्ये टॅटू बेकायदेशीर नाही. 1872 पासून 1948 पर्यंत होता. आज जी आडकाठी आहे ती त्या त्या जागेच्या स्वतःच्या नियमाची. अंगभर गोंदवून घेणं ही याकुझा या जपानी गुन्हेगारी टोळ्यांची खूण मानली जाते आणि तशी माणसं आत दिसली की बाकीचं गिऱ्हाईक बिचकतं, एवढंच त्यामागचं कारण. तुम्हाला कोणी गुंड समजणार नाही, पण काउंटरवरचा माणूस चेहरा बघून सूट देत नाही. तिथल्या पर्यटन खात्याने 2015 मध्ये पाहणी केली, तेव्हा उत्तर दिलेल्या सुमारे 600 ठिकाणांपैकी 56 टक्के टॅटूवाल्यांना नाही म्हणत होती, 31 टक्क्यांची हरकत नव्हती आणि 13 टक्के झाकून आलात तर चालेल म्हणत होती. वज्रेश्वरी-गणेशपुरीसारखं कपड्यांसह उतरता येत नाही, पूर्ण विवस्त्र जावं लागतं. त्यामुळे लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालून हात झाकू, हा विचार सोडून द्या.

नियम मुख्यतः सामायिक मोठ्या हौदाला लागतो, ज्याला तिथे ‘दाइयोकुजो’ म्हणतात. ‘काशिकिरी’ म्हणजे तासाच्या हिशेबाने घेतलेलं खासगी कुंड. आतून कडी लावायची, त्यामुळे टॅटूचा प्रश्नच उरत नाही, शिवाय नवरा-बायको एकत्र उतरू शकतात (सामायिक हौद स्त्री-पुरुषांचे वेगळे असतात). साधारण 45 ते 60 मिनिटांचे 2000 ते 4000 येन पडतात, काही ठिकाणी फुकट. या वेळेत कपडे काढणं, अंग घासणं, पुसणं सगळं आलं, म्हणून प्रत्यक्ष पाण्यात अर्धा तासच मिळतो. 41-42 अंशांच्या पाण्यात तेवढंही एका दमात बसवत नाही. चेक-इन बहुधा तीनला सुरू होतं, तेव्हाच पोचा. जेवणाआधीच्या वेळा लगेच भरतात आणि उशिरा पोचणाऱ्याच्या वाट्याला रात्री दहाची वेळ येते.

तिसरा प्रकार म्हणजे खोलीलाच जोडलेलं उघड्यावरचं कुंड, ‘रोतेनबुरो-त्सुकी’ खोली. महाग, पण तिघांना कितीही वेळा वापरता येतं. इथे एक फसगत होते: फोटोत झकास लाकडी टब दिसतो आणि त्यात नळाचंच पाणी तापवून सोडलेलं असतं. पाणी ओन्सेनचं आहे का, हे वेगळं विचारा. ‘गेन्सेन काकेनागाशी’ असं लिहिलं असेल तर झऱ्याचं पाणी सतत वाहतं ठेवलेलं आहे, पुन्हा फिरवलेलं नाही. आणि या पारंपरिक हॉटेलांचे, म्हणजे र्‍योकानचे, दर बहुधा माणशी आणि दोन जेवणांसकट असतात. खोलीचा दर समजून हिशेब केलात तर चुकेल.

माझं मत विचाराल तर एक-दोन रात्री किनोसाकीला काढा. ओसाकाहून थेट गाडीने पावणेतीन तासांच्या आसपास. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि सातही ठिकाणी टॅटू चालतो, झाकायची गरज नाही. गावातल्या र्‍योकानमध्ये उतरलात की या स्नानगृहांचा पास मिळतो. युकाता (सुती झगा) आणि लाकडी गेता (चपला) घालून कालव्याकाठाने एका स्नानगृहातून दुसऱ्यात जायचं, गावाची मजाच ती आहे. मात्र प्रत्येक स्नानगृह आठवड्यातून एक दिवस बंद असतं, आणि र्‍योकानच्या स्वतःच्या हौदाचा नियम वेगळा असू शकतो. 6 नोव्हेंबरला तिथे खेकड्यांचा हंगाम उघडतो आणि दर एकदम चढतात. खेकडे खाणार नसाल तर त्याआधीच्या तारखा धरा. मात्सुयामाचं दोगो ओन्सेन होनकान (1894 ची इमारत) आणि बेप्पूचं ताकेगावारा इथेही टॅटूची अडचण नाही, पण ती स्नानगृहं आहेत, राहायची सोय शेजारच्या हॉटेलात बघायची.

‘झाकून चालेल’ म्हणणाऱ्या हॉटेलांसाठी टॅटू झाकणारा कातडीच्या रंगाचा स्टिकर लागतो. होशिनो समूहाच्या ‘काइ’ हॉटेलांनी 2015 मध्ये ही पद्धत सुरू केली, तेव्हा माप 8 बाय 10 सेंटिमीटर आणि एकच स्टिकर, असं होतं. तुमची राजमुद्रा पट्टीने मोजा. शाईच्या बाहेर चहूबाजूंनी एक सेंटिमीटर मोकळी कातडी हवी, म्हणजे 6 बाय 8 च्या पुढे गेली असेल तर या मापात बसणार नाही. हातावरचे केस आदल्या दिवशी काढा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा, तेल-क्रीम अजिबात नको. स्टिकरचे कोपरे कात्रीने गोल करा, टोकदार कोपरा आधी सुटतो. हे सगळं खोलीतच उरका, कपडे बदलायच्या खोलीत वाफेने आणि घामाने ते चिकटतच नाही. रंग जुळणार नाही, कारण बहुतेक छटा जपानी कातडीच्या असतात. त्याने बिघडत नाही, नक्षी दिसली नाही म्हणजे झालं. फक्त पातळ फिल्ममधून काळी शाई डोकावते, ते घरी एकदा लावून बघा. आंघोळीत त्या हातावर घासायचा टॉवेल फिरवू नका.

हॉटेलला विचारताना टॅटूचा फोटो आणि माप पाठवा, आणि तीनच गोष्टी विचारा: स्टिकर लावून मोठ्या हौदात चालेल का, नसेल तर काशिकिरी आहे का, आणि त्यात पाणी ओन्सेनचं आहे का. जपानीत पहिला प्रश्न असा: ‘तातू गा आरिमासु गा, शीरु दे काकुसेबा दाइयोकुजो नि हाइरेमासु का?’ लेखी उत्तर फोनमध्ये ठेवा. मध्यरात्री हौद रिकामा असतो, हळूच जाऊन या, असा सल्ला देणारे भेटतील. कोणी तक्रार केली तर ओलेत्याने बाहेर यावं लागतं.

आईंचं गोंदण परंपरेचं आहे म्हणून सूट मिळेल, हे धरून चालू नका. 2013 मध्ये होक्काइदोत एका माओरी पाहुणीला चेहऱ्यावरच्या पारंपरिक गोंदणामुळे प्रवेश नाकारला होता. त्यामुळे आईंच्या गोंदणाचाही फोटो त्याच ईमेलमध्ये टाका. स्टिकर लावलात तर काढताना ओढू नका, वयस्कर माणसांची कातडी पातळ असते, सोलवटते. कडेने खोबरेल तेल जिरवा, पाच मिनिटं थांबा, मग आपोआप सुटतो.