चाकरमानी परतले की जा

बाय गे,

तुझा मेसेज रात्री दीडचा. म्हणजे झोप लागत नाही हे वेगळं लिहायची गरज नव्हती. तू घरी जाऊन ज्यांची शुश्रूषा करत होतीस ते कॅन्सरचे पेशंट तांडेल गेले, फाइल बंद झाली, सोमवारी दुसरी केस हातात दिली, तर आता त्या घरी मी कुठल्या नात्याने जाऊ, हा तुझा पहिला प्रश्न. इतकं जाऊन-येऊन मी तिथे नेमकं केलं काय, हा दुसरा. मुंबईला जाऊन समुपदेशनाचा कोर्स करू का, हा तिसरा. तिसऱ्याचं शेवटी बघू. दुसऱ्याचं उत्तर तुला तांडेलांच्या बायकोकडेच मिळेल. पहिल्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: जा.

तेराव्याला नको. त्या दिवशी पडवीत गर्दी असते, तुला पानावर बसवतील आणि कोणी काही बोलणार नाही. तेरावा झाला की थोरला तुतारी एक्स्प्रेस पकडतो, धाकटा रात्रीची ट्रॅव्हल्स. सुना, नातवंडं, नणंदा सगळी जातात. भाड्याच्या खुर्च्या जातात, वाडीतून आणलेली मोठी पातेली घासूनपुसून परत होतात. मागे राहते ती बाई, जिने चार महिने दर चार तासांनी घड्याळ बघून गोळी दिली. तिला अजून दर चार तासांनी जाग येते. चाकरमानी परतले की जा, म्हणते ती एवढ्यासाठी.

तू लिहिलंयस, 'ते मला आता का बोलावतील?' बोलावणार नाहीतच. बोलावण्याची वाट बघायची असती तर आपण ऑफिसातच खुर्ची टाकून बसलो असतो. देवगडकडच्या एका घरी मी अशीच गेले होते. खळ्यात पाय ठेवला तर त्या माऊलीने सरळ विचारलं, "तो गेलो मगे, आता तू कित्याक इलंस?" मी म्हटलं, तुमच्याकडे. ती काही बोलली नाही, आत गेली आणि चहा टाकला. कप माझ्या हातात दिल्यावर, माझ्याकडे न बघता, न्हाणीघराच्या दाराकडे बघत म्हणाली, "रात्री धाची गोळी मीच दिलंय. पहाटे तो गेलो."

तिने हे मुलांना सांगितलं नव्हतं, जावेला नाही, डॉक्टरांना तर नाहीच. तिच्या मनात नवऱ्याला तिने मारलं होतं. शेवटच्या दिवसांत माणूस जास्त झोपतो, हातपाय गार पडतात, श्वास मध्येच थांबतो आणि पुन्हा चालू होतो, घशात घरघर होते. हे सगळं आजाराचं असतं, नीट ठरवून दिलेल्या मॉर्फिनच्या, म्हणजे वेदना शमवणाऱ्या त्या गोळीच्या, डोसाने माणूस जात नाही. हे तिला आम्ही आधी सांगितलं नव्हतं असं नाही. पण आधी ऐकलेलं आणि नंतर, तिच्या प्रश्नाला उत्तर म्हणून ऐकलेलं, यात फरक आहे. मी तिला त्या रात्रीचं तासातासाने विचारलं. तो किती वाजता कण्हला, कधी शांत झाला, पाणी मागितलं का. शेवटी ती म्हणाली, मग गोळी दिली नसती तर तो तळमळत गेला असता. म्हटलं, होय, तळमळत गेला असता. एवढंच काम. पण ते तिच्या घरी, त्या आठवड्यातच होऊ शकत होतं.

आणि मॉर्फिनची भीती काही एकट्या तिची नव्हे. १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानंतर हे औषध देशात इतकं दुर्मीळ झालं की डॉक्टरही त्याला हात लावायला घाबरत. २०१४च्या दुरुस्तीने वाट मोकळी झाली, तरी गावात अजून 'ती गोळी चालू केली म्हणजे संपलं' असंच बोलतात. उरलेल्या गोळ्या मोजून परत आणायच्या असतात, नोंदवहीत आकडा जुळवायचा असतो. त्या निमित्ताने जा, हवं तर. पण आपण वापरायला दिलेली हवेची गादी न्यायला टेम्पो पाठवून मोकळी होऊ नकोस! मी बघितलंय असं. दारात गाडी उभी, दोन मुलगे एअर बेड गुंडाळतायत आणि ती भिंतीला टेकून बघतेय. गादी दुसऱ्या खेपेला आण. पहिल्या खेपेला हात रिकामे असू देत.

तांडेलांच्या मुलांनी त्यांना कॅन्सर आहे हे शेवटपर्यंत सांगू दिलं नाही, याचंही तू मनाला लावून घेतलंयस. बाय, त्यांना माहीत होतं. जखमेचा वास कमी व्हावा म्हणून मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून तू त्यांच्या गालावर पसरत होतीस, तेव्हा तुझ्या तोंडावरचा मास्क त्यांना दिसत नव्हता? बत्तीस वाव पाण्यात जाळं टाकणारा माणूस तो, वाऱ्याचा रोख कळत नसेल? मुलांना बोलायचं नव्हतं, त्यांनी मुलांचा मान ठेवला. हे ओझं तुझं नाही, खाली ठेव.

आता पिंडाचं. तू लिहिलंयस की दहाव्याला कावळा शिवेना, तासभर सगळे समुद्रावर उभे, आणि कोणीतरी मोठ्याने म्हणालं, 'धाकटीच्या लग्नाचं राहिलं.' ती मुलगी तिथेच उभी होती. तुला राग आला, अंधश्रद्धा म्हणून. येऊ दे राग, पण तो घेऊन त्या घरी जाऊ नकोस. कावळ्याशी वाद घालायला आपल्याला कोणी नेमलेलं नाही. तू त्या मुलीला एकटीला गाठून विचार: तुला काय वाटतं, बाबांच्या मनात काय राहिलं असेल? मी विचारलंय असं, आणि दरवेळी काहीतरी वेगळंच बाहेर आलंय. एकाने सांगितलं, होडी विकायची नव्हती त्यांना. एक सून म्हणाली, माझ्याशी ते दोन वर्षं बोलत नव्हते. एकदा बोललं की ते त्या माणसाचं राहतं, कावळ्याचं राहत नाही. आणि हे विचारायला तुला तिथे जावं लागेल. फोनवर हे होत नाही.

तुला वाटतं मी हट्टी म्हातारी आहे, माझं एकच पालुपद. ऑफिसातही असंच म्हणत. मी जिथे काम करत होते तिथल्या महिन्याच्या अहवालात नवीन रुग्ण, गृहभेटी, मृत्यू असे रकाने होते. मृत्यूनंतरच्या भेटीला रकाना नव्हता. मी त्या भेटी 'इतर'मध्ये लिहायचे, त्यांचं पेट्रोल नामंजूर व्हायचं, मग स्वतःच्या पेट्रोलने जायचे. एक सहकारी मला म्हणाला, मेलेल्याच्या घरी तू घालवतेस तो वेळ कुठल्यातरी जिवंत पेशंटचा असतो. आकड्यांत त्याचं खरं होतं. पण पलीकडच्या वाडीतला पुढचा पेशंट आमच्याकडे आला कसा? त्या विधवेनेच सांगितलं होतं त्यांना, ह्यांना बोलवा, हे मागाहूनही येतात. मी हे मीटिंगमध्ये बोलले, पुन्हा बोलले. रकाना काही मिळाला नाही आणि मी तशीच निवृत्त झाले. त्याची चुटपुट आहे. हेकेखोर म्हणाले, म्हणू देत.

आणि हे माझ्या मनचंही नाही. सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होती, मग रुग्णालयातली समाजसेविका, डॉक्टर नंतर झाली. समाजसेविका असतानाच, १९४८ साली, लंडनमध्ये एका मरणाऱ्या पोलिश माणसाशी तिची ओळख वाढली आणि मरणाऱ्यांची काळजी घेणारं घर उभारायच्या तिच्या स्वप्नासाठी त्याने ५०० पौंड ठेवले. १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं राहिलं, त्यात गेलेल्यांच्या कुटुंबांसाठीचं कामही पुढे आलं. जागतिक आरोग्य संघटनेने पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आपल्या ह्याच कामाची, २००२ साली केलेल्या व्याख्येत आजारात आणि मृत्यूनंतरच्या शोकातही कुटुंबाला आधार, असं स्पष्ट आहे. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झालं, केरळात कालिकतला १९९३ साली काम उभं राहिलं. कोकणात हॉस्पिसची इमारत शोधत बसलीस तर म्हातारी होशील. इथे घर हेच हॉस्पिस आहे, आणि पाखाडीच्या पायऱ्या उतरून तिथे जायला अँब्युलन्स नाही, तू आहेस.

जाशील तेव्हा 'धीर धरा' म्हणू नकोस. त्यांचं नाव घे. तांडेल काका, असं म्हण. नाव घेतलं की त्या बाईचे खांदे उतरतात, बघ तू.

मग कागद. रडणं संपल्यावर नाही, मधेच कधीतरी. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत झाली का ते विचार. घरी गेलेल्या माणसाची नोंद राहून जाते, मुलं मुंबईला पोचल्यावर कळतं. तांडेल ५९ च्या आत होते आणि घर दारिद्र्यरेषेखाली आहे, तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेचे २०,००० रुपये एकदाच मिळतात. बाईंचा संजय गांधी निराधारचा अर्ज तलाठ्याकडे अडकेल, तेव्हा तू सोबत जा, महिना १,५०० आहेत, पण तिच्या हातात येतील. सातबाऱ्यावर वारसनोंद करून घ्यायला सांग. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर अठरा जणांची नावं, त्यात विधवेचं नाव चढायचं राहिलं की दहा वर्षांनी भावबंदकीत तिची पडवीसुद्धा तिची राहत नाही. होडीचा परवानाही त्यांच्याच नावावर असेल.

आणि एकदा जाऊन थांबू नकोस. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. सगळ्या घरांत पुरुष घरी असतात, पडव्यांत जाळी विणत बसतात. तिची पडवी तेवढी रिकामी. त्या पावसात एक फेरी मार. गणपतीआधी एक. वर्षश्राद्धाच्या आसपास एक. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी २०२२ साली त्यांच्या पुस्तकात लांबलेल्या दुःखाला आजार म्हणून जागा दिली, मोठ्या माणसासाठी अट बारा महिन्यांची. तू तारखा धरून निदान करायला जाऊ नकोस. पण ती जेवत नसेल, विहिरीकडे एकटी बसत असेल, 'माका कित्याक ठेवलान' असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर घरातल्यांना सांग, डॉक्टरांना गाठ, मनाच्या त्रासासाठीच्या टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ तिच्या फोनमध्ये सेव्ह करून दे. यात लाजायचं काही नाही.

राहिला कोर्स. अर्जाला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे म्हणतेस. चांगला कोर्स आहे, पुढे करशीलच, मी अडवत नाही. पण आत्ता तू तो निवडते आहेस ते त्या घराची पाखाडी उतरायला नको म्हणून, हे तुलाही कळतंय. धाकटा शनिवारी जातोय ना? मग मंगळवारी सकाळच्या एसटीने जा. साहेबांना सांगायची गरज नाही, 'इतर'मध्ये लिही. येताना मॉर्फिनच्या पट्ट्या मोजून आण. अर्ज नंतर भर.

तुझी,
काकी